क्वांटमच्या धोक्यासाठी तयारी करताय? या चुका टाळा

‘आजची कुलपं फोडू शकणारा क्वांटम संगणक यायला अजून वेळ आहे, तोवर बघू’ ही सगळ्यात महागात पडणारी चूक. शत्रू तोवर हातावर हात ठेवून बसत नाही. आज जाळ्यातून जाणारी कूटबद्ध माहिती तो साठवतो आणि कुलूप उघडता येईल तेव्हा वाचतो. समजा, एखादी संरक्षणविषयक फाइल २५ वर्षं गुप्त राहायला हवी आणि यंत्रणा बदलायला ८ वर्षं लागणार आहेत. मग बदलाच्या आदल्या दिवशी पाठवलेली फाइलही आजपासून ३३ वर्षांपर्यंत जुन्याच कुलपाच्या भरवशावर राहते.

सगळंच कोसळणार, असंही समजू नका. गणितज्ञ पीटर शोरच्या १९९४च्या क्वांटम अल्गोरिदमचा घाव बसतो तो आरएसए आणि एलिप्टिक कर्व्हवर, म्हणजे किल्ली ठरवायच्या आणि डिजिटल सहीच्या आजच्या पद्धतींवर. खुद्द माहिती कूटबद्ध करणारं एईएस-२५६ बदलायची घाई नको.

कूटबद्धता आणि डिजिटल सही कुठे कुठे वापरली जाते याची यादी न करता खरेदीला लागणं ही मला सर्वांत जास्त खटकणारी चूक. व्हीपीएन आणि वेबसाइटची प्रमाणपत्रं सगळ्यांना आठवतात. डिजिटल सहीचे टोकन, बॅकअपच्या किल्ल्या, वीजमीटरच्या फर्मवेअरवरची (आतल्या सॉफ्टवेअरवरची) सही मात्र राहून जाते. काही उपकरणांत सही तपासणारी किल्ली चिपमध्येच कायमची कोरलेली असते, ती नंतर बदलता येत नाही. असं उपकरण आज घेतलं की पुढची १५ वर्षं ते गळ्यात पडलं. म्हणून अल्गोरिदम बदलता येण्याची अट निविदेतच घाला.

आता प्रत्यक्ष अडचण. निस्ट या अमेरिकी मानक संस्थेने ऑगस्ट २०२४मध्ये प्रमाणित केलेलं एमएल-केईएम, म्हणजे किल्ली ठरवायची क्वांटमला तोंड देणारी नवी पद्धत, जुन्या पद्धतीच्या जोडीला सुरू केलं, आणि काही ठिकाणांहून जोडणीच होईना. एररही नाही, नुसतं लटकून राहतं. अशा वेळी सर्व्हरला दोष देण्याआधी पॅकेट, म्हणजे जाळ्यातून जाणारे माहितीचे तुकडे, पकडून बघा. जुन्या पद्धतीची, म्हणजे एक्स२५५१९ची, सार्वजनिक किल्ली ३२ बाइटची, एमएल-केईएम-७६८ची १,१८४ बाइटची. त्यामुळे पहिलाच संदेश दोन पॅकेटांत तुटतो, आणि मधला जुना फायरवॉल पहिलं पॅकेट वाचून तेवढ्यालाच पूर्ण संदेश समजतो. नवी पद्धत तात्पुरती बंद केल्यावर जोडणी झाली, तर तो फायरवॉलच संशयित. त्याचं फर्मवेअर अद्ययावत करा. ‘चालतंय ना’ म्हणून नवी पद्धत कायमची बंद ठेवू नका. नेमकं हेच सर्रास होतं.

एकाच नव्या अल्गोरिदमवर डोळे मिटून विसंबूही नका. निस्टच्या निवडीत चौथ्या फेरीपर्यंत पोचलेला साइक हा नवा अल्गोरिदम २०२२मध्ये साध्या संगणकाच्या एका कोअरवर तासाभरात फुटला. जुनं-नवं जोडीने चालवायचं ते यासाठीच.

आपल्याकडे आणखी एक गैरसमज आहे. २०२३मध्ये मंजूर झालेल्या ६,००३ कोटींच्या राष्ट्रीय क्वांटम मिशनमध्ये २,००० किलोमीटरपर्यंतच्या क्वांटम संवादाचं उद्दिष्ट आहे, म्हणून ‘क्यूकेडी (क्वांटम तंत्राने किल्ली पोचवणं) आलं की काम झालं’ असं धरलं जातं. त्या मिशनचा मला मनापासून अभिमान आहे. पण क्यूकेडी दोन टोकांमध्ये किल्ली पोचवतं. तलाठ्याची सातबाऱ्यावरची डिजिटल सही ते वाचवत नाही. त्या सहीसाठी एमएल-डीएसएसारखी नवी पद्धतच आणावी लागेल, आणि एलिप्टिक कर्व्हची सही ६४ बाइटची असते, तर एमएल-डीएसए-६५ची ३,३०९ बाइटची. डेटाबेसमधला सहीचा रकाना तेवढा रुंद आहे का, हे आत्ताच उघडून बघा.