हृदयाची जीवघेणी लय ईसीजीवर कशी ओळखावी

मॉनिटरचा अलार्म वाजला की नजर आपोआप पडद्याकडे जाते. ती आधी रुग्णाकडे गेली पाहिजे. रुग्ण शुद्धीवर आहे का, हाक मारल्यावर उत्तर देतो का, श्वास नीट चालू आहे का आणि मानेतील नाडी हाताला लागते का, हे पाहण्यासाठी 10 सेकंद पुरेसे असतात आणि त्याहून अधिक वेळ त्यात घालवूही नये. ईसीजी हृदयातील विद्युत प्रवाह दाखवतो. हृदय रक्त ढकलत आहे की नाही, हे तो सांगत नाही. पडद्यावर अगदी सुबक लय दिसत असताना नाडी लागत नसेल तर तो हृदयक्रिया बंद पडल्याचाच प्रकार असतो आणि तेथे छातीवर दाब देण्यास तत्काळ सुरुवात करावी लागते.

याच्या उलटही घडते. रुग्ण पलंगावर बसून दात घासत असतो आणि मॉनिटरवर मात्र रुंद, वेगवान लाटांची रांग उमटते. अशा वेळी त्या लाटांच्या गर्दीत डोळे बारीक करून पाहावे. गडबड सुरू होण्यापूर्वीच्या दोन क्यूआरएसमधील, म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्यांच्या ठोक्यामुळे उमटणाऱ्या टोकदार लाटांमधील, अंतर मोजून घ्यावे आणि त्याच अंतराने पुढे सरकत जावे. हाताच्या हालचालीमुळे उठलेल्या लाटा असतील तर ठरलेल्या जागी मूळचे टोक डोके वर काढताना दिसते. बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरची लाटही आपल्या जुन्याच गतीने चालू असते. कंपवाताच्या रुग्णाचा हात सेकंदाला साधारण 4 ते 6 वेळा थरथरतो, त्यामुळे त्याच्या ईसीजीच्या पट्टीवरही हाच भास होतो. ही खातरजमा न करता दिलेले औषध किंवा शॉक रुग्णाला इजा करू शकतो.

पट्टी हातात घेतल्यावर प्रथम कागदाच्या कडेला छापलेला वेग पाहावा. नेहमीचा वेग सेकंदाला 25 मिलिमीटर असतो आणि 10 मिलिमीटर उंची म्हणजे 1 मिलिव्होल्ट. या वेगाला छोटा चौकोन 0.04 सेकंदाचा आणि मोठा 0.2 सेकंदाचा होतो. लय नियमित असेल तर दोन क्यूआरएसमधील मोठ्या चौकोनांच्या संख्येने 300 ला भागावे, म्हणजे मिनिटाची गती मिळते. अनियमित असेल तर 10 सेकंदांच्या पट्टीतील सर्व ठोके मोजून त्यांना 6 ने गुणावे. त्यानंतर क्यूआरएसची रुंदी मोजावी. 3 छोटे चौकोन, म्हणजे 0.12 सेकंद, ही सीमा धरावी. ही रुंदी एकाच लीडमध्ये, म्हणजे हृदयाकडे पाहण्याच्या एकाच कोनातून, मोजून थांबू नये, कारण क्यूआरएसचा काही भाग एखाद्या लीडमध्ये सपाट दिसतो आणि रुंद ठोका अरुंद भासतो. बाराही लीड पाहून सर्वांत रुंद क्यूआरएस जेथे दिसेल तेथील माप ग्राह्य मानावे. गती किती, लय नियमित की अनियमित, क्यूआरएस रुंद की अरुंद आणि पी वेव्हचा (वरच्या कप्प्यांच्या ठोक्याची लहान लाट) त्याच्याशी संबंध काय, हे प्रश्न रोज, साध्यासुध्या ईसीजीवरही, याच क्रमाने विचारण्याची सवय लावून घ्यावी. घाईच्या क्षणी तीच सवय हाताशी येते.

व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन (खालचे कप्पे नुसते थरथरणे), म्हणजे व्हीएफ, ओळखणे सर्वांत सोपे आहे. येथे क्यूआरएस असा उरतच नाही. उंची, आकार आणि अंतर या तिन्ही बाबतींत कोणताही मेळ नसलेल्या वेड्यावाकड्या लाटा दिसतात आणि रुग्ण बेशुद्ध असतो. पट्टीचे अधिक विश्लेषण करत बसण्याची ही वेळ नव्हे. मिनिटाला 100 ते 120 या गतीने छातीवर दाब सुरू करावेत आणि डिफिब्रिलेटर, म्हणजे विद्युत शॉक देणारे यंत्र, तयार होताच शॉक द्यावा. या शॉकच्या वेळी यंत्राचे ‘सिंक’ बटण बंद असल्याची खात्री करावी, कारण ते चालू राहिल्यास यंत्र न येणाऱ्या आर वेव्हची, म्हणजे क्यूआरएसच्या टोकाची, वाट पाहत राहते आणि शॉक सुटत नाही. वेळ जाईल तशा व्हीएफच्या लाटा बारीक होत जातात आणि शेवटी रेषा सपाट होते. मात्र पट्टीने आखल्यासारखी सरळ रेषा दिसली तर निसटलेल्या वायरचीही शंका घ्यावी: वायर जागेवर आहेत का, लाटांची उंची कमी करून ठेवलेली नाही ना आणि दुसऱ्या लीडमध्ये काय दिसते, हे पाहावे. ही तपासणी दुसऱ्या व्यक्तीने करावी. छातीवरचे दाब त्यासाठी थांबवू नयेत.

खरी कसोटी लागते ती रुंद क्यूआरएसच्या वेगवान, नियमित लयीपुढे. मिनिटाला 100 पेक्षा अधिक गतीने जवनिकेतून, म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्यांतून, सलग 3 किंवा अधिक ठोके आले तर त्याला व्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डिया, म्हणजे व्हीटी, म्हणतात. ती 30 सेकंदांहून अधिक टिकली तर सलग टिकणारी व्हीटी ठरते. वरच्या कप्प्यांतील लयही, बंडल ब्रँच ब्लॉक (खालच्या कप्प्यांकडे प्रवाह नेणाऱ्या फाट्यातील अडथळा) असल्यास, अशीच रुंद दिसू शकते, आणि येथेच मोठी चूक होते. प्रशिक्षणाच्या काळात मीही ती जवळून पाहिली आहे. मिनिटाला 170 गतीची रुंद लय असलेला रुग्ण व्यवस्थित बोलत होता, रक्तदाबही चांगला होता, म्हणून ही व्हीटी नसणार असे आम्ही ठरवले आणि शिरेतून व्हेरापामिल हे हृदयगती कमी करणारे औषध दिले गेले. काही मिनिटांतच रक्तदाब कोसळला आणि घाईने शॉक द्यावा लागला. रुग्ण वाचला, परंतु त्या दिवसापासून मी ‘रक्तदाब चांगला आहे’ हा युक्तिवाद लय ओळखण्यासाठी कधीही स्वीकारलेला नाही. व्हीटीतील रुग्ण चालत, बोलत येऊ शकतो. रुंद आणि वेगवान लय ही अन्यथा सिद्ध होईपर्यंत व्हीटीच समजावी. रुग्णाला पूर्वी हृदयविकाराचा झटका आलेला असेल तर हा नियम आणखी घट्ट धरावा.

व्हीटीचा सर्वांत भक्कम पुरावा म्हणजे कर्णिका, म्हणजे वरचे कप्पे, आणि जवनिका यांच्या ठोक्यांची ताटातूट. तो शोधण्यासाठी एक कोरा कागद घ्यावा. पट्टीवर ज्या दोन पी वेव्ह स्पष्ट दिसतात त्यांच्या खाली कागदाच्या कडेवर पेन्सिलीने दोन खुणा कराव्यात आणि त्याच अंतराने कागद पुढे सरकवत न्यावा. खूण कधी क्यूआरएसच्या पोटात जाईल, कधी टी वेव्हवर, म्हणजे क्यूआरएसनंतरच्या लाटेवर, पडेल आणि तेथे टी वेव्हला आलेला लहानसा उंचवटा आता नेमका लक्षात येईल. पी आपल्या संथ गतीने आणि क्यूआरएस आपल्या वेगाने चालले असतील तर निदान पक्के झाले. मध्येच एखादा अरुंद, नेहमीसारखा ठोका किंवा दोन्हींचे मिश्रण असलेला ठोका आला, तर तोही व्हीटीच्याच बाजूने साक्ष देतो. छातीवरील सहाही लीडमध्ये क्यूआरएस एकाच दिशेला, सर्व वर किंवा सर्व खाली, असतील तर तेही त्याच बाजूने झुकते. मात्र हे पुरावे अनेक पट्ट्यांवर सापडत नाहीत, आणि ते सापडले नाहीत म्हणून व्हीटी नाही असा निष्कर्ष काढता येत नाही. रक्तदाब घसरत असेल, छातीत दुखत असेल किंवा शुद्ध हरपत असेल तर कागद बाजूला ठेवून, नाडी असल्यास, ‘सिंक’ चालू करून शॉक द्यावा. नाडी नसेल तर ती लय व्हीएफप्रमाणेच हाताळावी.

रुंद लय असूनही गती फारशी नसेल, टी वेव्ह उंच व टोकदार असतील, पी वेव्ह दिसेनाशा झाल्या असतील आणि रुग्णाचे मूत्रपिंड निकामी झालेले असेल, तर रक्तातील पोटॅशियम वाढल्याचा विचार लगेच मनात यावा. पुढे क्यूआरएस आणि टी एकमेकांत मिसळून एकच गोलसर लाट होते. तेथून हृदय थांबण्यापर्यंतचे अंतर फार थोडे असते. अशा वेळी प्रयोगशाळेच्या अहवालाची वाट न पाहता शिरेतून कॅल्शियम द्यावे लागते.

रुंद आणि वेगवान लय पूर्णपणे अनियमित असेल तर दोन गोष्टी आठवाव्यात. पहिली म्हणजे वुल्फ-पार्किन्सन-व्हाइट सिंड्रोमच्या (वरच्या व खालच्या कप्प्यांना जोडणारी जादा वाहिनी असलेल्या) रुग्णातील एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे वरच्या कप्प्यांची अनियमित थरथर. यात काही ठिकाणी दोन क्यूआरएसमधील अंतर 0.25 सेकंदापेक्षा, म्हणजे सव्वासहा छोट्या चौकोनांपेक्षा, कमी भरते आणि ठोक्यागणिक क्यूआरएसची रुंदी बदलते. या रुग्णाला व्हेरापामिल, डिल्टियाझेम, डिगॉक्सिन, बीटा ब्लॉकर किंवा अ‍ॅडेनोसिन देऊ नये. जादा वाहिनीवरून येणारा प्रवाह मोकाट सुटून व्हीएफ होऊ शकते. दुसरी म्हणजे टोर्साड द पॉइंट्स. 1966 मध्ये देसेर्तेन या फ्रेंच डॉक्टरने वर्णन केलेल्या या लयीत क्यूआरएसची टोके मध्यरेषेभोवती पीळ घातल्यासारखी वर-खाली फिरतात आणि त्यांची उंची वाढत-घटत राहते.

टोर्साडची पूर्वसूचना मात्र शांत लयीतच मिळते, म्हणून क्यूटी मोजण्याचा कंटाळा करू नये. क्यूआरएसच्या आरंभापासून टी वेव्हच्या शेवटापर्यंतचे हे अंतर लीड 2 किंवा व्ही 5 मध्ये मोजावे. नेहमीच्या गतीला टी वेव्ह दोन क्यूआरएसमधील अर्ध्या अंतराच्या पलीकडे संपत असेल तर संशय घ्यावा. गतीनुसार दुरुस्त केलेला क्यूटी 500 मिलिसेकंदांहून अधिक असेल तर धोका ठळक मानावा. हॅलोपेरिडॉल, ऑन्डान्सेट्रॉन, एरिथ्रोमायसिन, सोटॅलॉल, मेथाडोन अशी औषधे एकत्र पडणे, तसेच पोटॅशियम आणि मॅग्नेशियम कमी होणे, ही नेहमीची कारणे आहेत. शिरेतून 2 ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट हा पहिला उपचार. नेहमीच्या व्हीटीत उपयोगी पडणारे अ‍ॅमिओडॅरोन येथे टाळावे, कारण ते क्यूटी आणखी लांबवते.

संथ लयींमध्ये पीआर अंतर, म्हणजे पीच्या आरंभापासून क्यूआरएसच्या आरंभापर्यंतचे अंतर, प्रत्येक ठोक्याला सारखे असताना अचानक एखादी पी वेव्ह क्यूआरएसविना राहिली, तर तो मोबिट्झ 2 प्रकारचा ब्लॉक, म्हणजे वरून खाली येणाऱ्या प्रवाहातील अडथळा, असतो. रुग्ण हसत बसलेला असला तरी त्याला मॉनिटरवरून हलवू नये. पीआर हळूहळू लांबत जाऊन ठोका सुटत असेल तर तो वेंकेबाख, आणि तो सहसा तितका घातक नसतो. संपूर्ण ब्लॉकमध्ये पी आणि क्यूआरएस आपापल्या गतीने नियमित, परंतु एकमेकांशी असंबद्ध चालतात. त्यातही क्यूआरएस रुंद आणि गती मिनिटाला 40 पेक्षा कमी असेल तर ती लय कधीही थांबू शकते. अ‍ॅट्रोपिन या गती वाढवणाऱ्या औषधाचा तेथे भरवसा धरता येत नाही. पेसिंगची, म्हणजे यंत्राने ठोके देण्याची, तयारी आधीच करावी.

लय कोणतीही असो, उपचारापूर्वी रुग्ण स्थिर असेल तर बारा लीडचा ईसीजी काढावा आणि औषध देताना पट्टी चालू ठेवावी, कारण लय बदलण्याच्या त्या काही सेकंदांतच बहुधा तिचे मूळ उघड होते. लय पूर्ववत झाल्यावर पुन्हा ईसीजी काढून जुन्या ईसीजीशी ताडून पाहावा. प्रत्येक पट्टीवर वेळ, रक्तदाब, रुग्णाची शुद्ध आणि दिलेले औषध पेनाने लिहावे आणि ती केसपेपरला जोडावी.