ग्रिड कनेक्टिव्हिटीचा अर्ज करताय? या चुका टाळा

"आधी अर्ज टाकून ठेवू, बाकीचं नंतर बघू." ग्रिड कनेक्टिव्हिटी, म्हणजे प्रकल्प वीजजाळ्याला जोडण्याची परवानगी, मागायला नवीन सौर किंवा पवन प्रकल्पाची फाइल घेऊन येणाऱ्या बहुतेकांच्या तोंडी हे वाक्य असतं. ते ऐकलं की पुढचं वर्षभर काय काय होणार ते मला तिथेच दिसायला लागतं.

कनेक्टिव्हिटीच्या २००९ च्या नियमांखाली हे खपून जायचं. कनेक्टिव्हिटी घ्यायची, सबस्टेशनचा बे, म्हणजे लाइन जोडायची जागा, अडवायचा आणि गुंतवणूकदार शोधत फिरायचं. कागदावरच्या मेगावॅटनी सबस्टेशनं भरली आणि ज्याची जमीन, पैसा, यंत्रं सगळं तयार होतं त्याला "पुढचं सबस्टेशन होईपर्यंत थांबा" असं सांगायची वेळ आली. हा रोग फक्त आपल्याकडचा नाही. अमेरिकेत रांग इतकी तुंबली, की तिथल्या केंद्रीय नियामकाने जुलै २०२३ मध्ये "आधी येईल त्याला आधी" ही पद्धत मोडून "आधी तयार होईल त्याला आधी" अशी केली. आपल्याकडे केंद्रीय वीज नियामक आयोगाने २०२२ मध्ये कनेक्टिव्हिटी आणि जनरल नेटवर्क अॅक्सेस, म्हणजे जीएनए (जाळ्यातून वीज ने-आण करण्याचा हक्क), यांचे नियम आणले. १ ऑक्टोबर २०२३ पासून जीएनए पूर्ण लागू झालं. वीज कुठल्या विभागात विकणार हे आधी सांगण्याची जुनी अट गेली, ही मोठी सोय झाली. अग्रक्रम अजूनही अर्जाच्या तारखेवरच ठरतो. पण आत यायलाच तयारी दाखवावी लागते आणि आत आल्यावर ती टिकवावी लागते. नवखे लोक हा दुसरा भाग वाचतच नाहीत.

नोटरीच्या कागदाला जमीन समजणे

ही चूक मला सगळ्यात जास्त छळते, म्हणून तिच्यावर सविस्तर लिहितो.

आंतरराज्य पारेषण जाळ्याला जोडायचं तर प्रकल्प साधारणपणे ५० मेगावॅट किंवा त्याहून मोठा लागतो. सौर-पवन प्रकल्पाला अर्जाबरोबर तीनपैकी एक गोष्ट द्यावी लागते: वीज खरेदीचं लेटर ऑफ अवॉर्ड (निविदा जिंकल्याचं पत्र) किंवा करार, लागणाऱ्या जमिनीपैकी ५० टक्क्यांचे मालकी हक्काचे, भाडेपट्ट्याचे किंवा वापरहक्काचे कागद, नाहीतर जमिनीऐवजी मेगावॅटला १० लाख रुपयांची बँक गॅरंटी. सौर प्रकल्पाला मेगावॅटमागे चार-पाच एकर धरले तर १०० मेगावॅटला चारशे-पाचशे एकर झाले. त्याचे निम्मे म्हणजे दोनशे-अडीचशे एकर, आणि तेही नोंदणीकृत कागदांसह.

मराठवाड्यातल्या एका प्रकल्पाचे कागद तपासायला मला बोलावलं होतं. कंपनी बाहेरची. जमीन गोळा करून देणाऱ्या एकाला काम दिलेलं. त्याने टेबलावर गठ्ठा आणून ठेवला. प्रत्येक गटाची विसारपावती, स्टॅम्प पेपरवर, नोटरीचा शिक्का मारलेली. एक्सेलमध्ये बेरीज पूर्ण, नकाशावर हिरवा रंग पूर्ण. कंपनीचे साहेब खूश. मी पहिलाच सातबारा उघडला. विसारपावतीवर एका भावाची सही आणि सातबाऱ्यावर नावं पाच. त्यातल्या दोन बहिणी लग्न होऊन गेलेल्या, त्यांना कुणी विचारलंही नव्हतं. २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हिस्सा मुलाइतकाच आहे, हे त्या गावात सगळ्यांना माहीत होतं, फक्त विसारपावती लिहिणाऱ्याला नव्हतं. दुसरा सातबारा मयत माणसाच्या नावावर, वारस नोंदच नाही. तिसऱ्यावर भोगवटादार वर्ग २. ती जमीन परवानगीशिवाय हस्तांतरितच करता येत नाही. इतर हक्कांच्या रकान्यात सोसायटीचा बोजा तर जवळपास सगळ्याच उताऱ्यांवर.

मी सांगितलं, हे अर्जाला जोडू नका. एका वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा दुय्यम निबंधकाकडे नोंदवावाच लागतो, नोटरीचा शिक्का तिथे चालत नाही. साहेब म्हणाले, "सर, त्रुटी काढतील, मग बघू." अर्ज गेला. त्रुटी निघाल्या. दिलेल्या मुदतीत वारस नोंदी होणं शक्यच नव्हतं. तलाठ्याने नोटीस काढायची, हरकतींची मुदत जायची, मग मंडळ अधिकाऱ्याने फेरफार मंजूर करायचा. ते काम कंपनीच्या सोयीने चालत नाही. अर्ज बंद झाला. त्यांना हवा असलेला बे मागून आलेल्या, पण कागद नीट असलेल्या अर्जदाराला मिळाला. यांना पुन्हा अर्ज करून लांबचं सबस्टेशन घ्यावं लागलं. लाइनची लांबी वाढली, तिच्या वाटेवरची गावं वाढली, आणि ज्या शेतकऱ्यांना विसार दिला होता त्यातल्या अनेकांनी दर वाढवून मागितले. त्यांचं तरी काय चुकलं? कंपनीला घाई आहे हे त्यांना दिसत होतं.

माझी सवय अशी: सातबारा, आठ-अ आणि जुने फेरफार आधी, करार नंतर. सगळ्या गटांचे तीन ढीग करायचे. स्वच्छ, वारस नोंदीची गरज असलेले, आणि वर्ग २ किंवा वादातले. अर्जाच्या हिशेबात फक्त पहिला ढीग धरायचा. नियम ५० टक्के म्हणतो, मी ६५ टक्के हातात असल्याशिवाय सही करू देत नाही, कारण मोजणी झाली की प्रत्यक्ष क्षेत्र कागदापेक्षा कमीच भरतं. वकिलाकडून तीस वर्षांचा शोध अहवाल घ्या आणि स्थानिक वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या. नोटीस दिली की लपलेले हिस्सेदार स्वतःहून समोर येतात. ते नंतर येण्यापेक्षा तेव्हा आलेले बरे.

"मग बँक गॅरंटीच देऊ ना," असं म्हणणारे असतात. १०० मेगावॅटला ती १० कोटींची झाली, आणि जमिनीचे कागद ठरलेल्या मुदतीत द्यावे लागतातच. नाही दिले तर कनेक्टिव्हिटी जाते. हा मार्ग मला मुळातच पटत नाही. ज्याच्याकडे पैसा आहे त्याला जागा अडवण्याची मुभा त्यातून मिळते आणि जमिनीवर घाम गाळणारा छोटा विकासक मागे राहतो. सुधारणेतला हा सगळ्यात कच्चा दुवा आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

तारीख हवेतून काढणे

कनेक्टिव्हिटीची सुरुवातीची तारीख तुमचा ट्रान्सफॉर्मर कधी येणार यावरून ठरवा, मालकाला काय ऐकायला आवडेल यावरून नको. जाळं तयार आहे आणि तुमचा प्रकल्प नाही, तर मेगावॅटला महिन्याला ३,००० रुपये पारेषण आकार लागू होतो. ३०० मेगावॅटला हे महिन्याला नऊ लाख झाले, आणि उत्पन्न शून्य. ठरलेल्या मुदतीनंतरही प्रकल्प उभा राहिला नाही तर तेवढ्या क्षमतेची कनेक्टिव्हिटी रद्द होते. ३० जून २०२५ पर्यंत सुरू होणाऱ्या सौर-पवन प्रकल्पांना आंतरराज्य पारेषण आकारात पूर्ण सूट होती. त्या तारखेमागे धावून किती जणांनी अशक्य वेळापत्रकं लिहून दिली, ते मी पाहिलं आहे. आता ती सूट दरवर्षी २५ टक्क्यांनी उतरते आहे आणि तीच धावपळ दर जूनला दिसते.

बँक गॅरंटीची आयत्या वेळी पळापळ

५ लाख अर्ज शुल्क, वर कर. पुढे ५० लाखांची पहिली गॅरंटी, शिवाय व्होल्टेज आणि बेप्रमाणे वेगळी, आणि मेगावॅटला २ लाख या दराची आणखी एक. तत्त्वतः मंजुरी आल्यावर हातात महिनाभरच असतो. बँकेकडून मसुदा अर्जाच्या आधीच मंजूर करून घ्या.

दुसऱ्या प्रकल्पाचं मॉडेल चिकटवणे

माझी दुसरी नावडती चूक ही. जोडणीच्या अभ्यासासाठी प्लांटची गणिती मॉडेलं द्यावी लागतात, पीएसएसई आणि पीएससीएडी या संगणक प्रणालींमध्ये. नवखा इंजिनीअर जुन्या प्रकल्पाचं फोल्डर उचलतो आणि नाव बदलून पाठवतो. एकदा तर नावही बदललेलं नव्हतं. फाइलच्या नावात दुसऱ्याच जिल्ह्यातल्या प्रकल्पाचं नाव, ट्रान्सफॉर्मरचा टक्के इम्पिडन्स तिथलाच, आणि इन्व्हर्टर ज्या कंपनीचा दाखवला होता तिच्याकडे ऑर्डरच गेलेली नव्हती.

अभ्यास त्या मॉडेलवर होतो, मंजुरी त्यावर मिळते. पुढे इन्व्हर्टर स्वस्त मिळाला म्हणून बदलतो आणि साइटवर उभा राहतो तो वेगळाच प्लांट. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे तांत्रिक मानक अगदी नेमके आहेत. व्होल्टेज नेहमीच्या १५ टक्क्यांपर्यंत कोसळलं तरी ३०० मिलिसेकंद प्लांट जोडलेला राहिला पाहिजे. उलट व्होल्टेज चढलं तर ११० ते १२० टक्क्यांच्या पट्ट्यात २ सेकंद, १२० ते १३० च्या पट्ट्यात ०.२ सेकंद तग धरली पाहिजे. लोक पहिला नियम पाठ करतात आणि दुसरा विसरतात.

हे फक्त परीक्षेपुरतं आहे असं वाटत असेल तर राजस्थानकडे बघा. २०२२ पासून तिथल्या सौर पट्ट्यात एका झटक्यात १००० मेगावॅटहून जास्त निर्मिती गळण्याच्या घटना घडल्या. कुठेतरी फॉल्ट, म्हणजे लाइनमध्ये बिघाड, होतो, व्होल्टेज आधी पडतं. तो सुटल्यावर इन्व्हर्टर अजूनही व्होल्टेज उचलून धरणारी रिॲक्टिव्ह पॉवर ढकलत असतात, आणि व्होल्टेज उसळून प्लांटच्या प्लांट बाहेर पडतात. एकेका प्लांटची सेटिंग चुकली तर तो चुकतो. शेजारच्या सगळ्यांनी तेच फोल्डर कॉपी केलेलं असेल तर संपूर्ण सबस्टेशन रिकामं होतं. ३० आणि ३१ जुलै २०१२ ला ग्रिड कोसळून देशाच्या मोठ्या भागात पडलेला अंधार ज्यांनी ग्रिडच्या आत बसून पाहिला, त्यांना याची भीती समजावून सांगावी लागत नाही.

इन्व्हर्टरची ऑर्डर होईपर्यंत मी मॉडेलवर "तात्पुरतं" असं फाइलच्या नावातच लिहितो. इन्व्हर्टर, फर्मवेअर, ट्रान्सफॉर्मर, केबलची लांबी यांपैकी काहीही बदललं की सुधारित मॉडेल त्याच आठवड्यात सीटीयूकडे, म्हणजे कनेक्टिव्हिटी देणाऱ्या केंद्रीय पारेषण संस्थेकडे. उत्पादकाकडून फॅक्टरी टेस्टचे आलेख मागवायचे आणि मॉडेलच्या आलेखावर ठेवून बघायचे. रेषा जुळत नसतील तर पुढे जायचं नाही, मग साइटवरून कितीही फोन येऊ देत.

लाइन शेवटी आठवणे

प्लांटपासून पूलिंग सबस्टेशनपर्यंतची (जिथे अनेक प्रकल्पांची वीज एकत्र येते) लाइन तुमची जबाबदारी आहे. विद्युत कायद्याच्या कलम ६८ ची मंजुरी, कलम १६४ चे अधिकार, रेल्वे आणि महामार्ग ओलांडण्याच्या परवानग्या, पीटीसीसी (वीज आणि दूरसंचार तारांचा मेळ बघणारी समिती), जंगल असेल तर वन विभाग. यातलं काहीही प्लांटच्या मागोमाग आपोआप येत नाही. जून २०२४ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत टॉवरच्या जागेसाठी जमिनीच्या किमतीच्या २०० टक्के आणि तारांखालच्या पट्ट्यासाठी ३० टक्के मोबदला सांगितला आहे. २०१५ मध्ये हेच आकडे ८५ आणि १५ होते. जुन्या आकड्यांवर बजेट काढून गावात गेलात तर पहिल्याच टॉवरला काम अडतं, आणि ते योग्यच आहे. पश्चिम राजस्थानात किंवा कच्छमध्ये असाल तर माळढोकाच्या अधिवासाचा नकाशा रूट सर्व्हेच्या आधी उघडा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ आणि २०२४ च्या आदेशांनी तिथलं गणित बदललं आहे.

नवाच बे हवा, हा हट्ट

२०२५ च्या तिसऱ्या दुरुस्तीने सौर तास आणि सौरेतर तास असा भेद आणला. सूर्यास्तानंतर सौर प्रकल्पाची जोडणी रिकामी पडून असते. तिथे पवन किंवा बॅटरी बसवणाऱ्याला वाट मिळू शकते. सुधारणेतला हा भाग मला मनापासून आवडतो, कारण एकही नवा टॉवर न रोवता जाळ्यातून जास्त वीज जाते. तरीही लोक नव्या बेच्या रांगेत उभे राहतात.

सीटीयूच्या बैठकीचं इतिवृत्त न वाचणे

तुमच्या सबस्टेशनला कोण कोण जोडलं जाणार आणि कुठलं काम कुठवर आलंय, ते त्यात लिहिलेलं असतं. वाचा.

पहिल्या चार्जिंगचे कागद आदल्या आठवड्यात

प्लांट उभा, लाइन ताणलेली, चार्जिंगची, म्हणजे तिच्यात पहिल्यांदा वीज सोडायची वेळ आलेली, उद्घाटनाला पाहुणे ठरलेले, आणि ग्रिडवर नजर ठेवणाऱ्या विभागीय भार प्रेषण केंद्रात डेटाच पोहोचत नाही, असं दरवर्षी कुठे ना कुठे घडतं. आरटीयूची (साइटवरचा डेटा केंद्राला पाठवणारं यंत्र) पॉइंट लिस्ट, दोन स्वतंत्र संचार मार्ग, ऊर्जा मीटर, संरक्षण रिलेची सेटिंग हे सगळं आधी जुळवावं लागतं. केंद्रातल्या इंजिनीअरला दोष देऊ नका. त्याला जे स्क्रीनवर दिसत नाही ते तो ग्रिडला जोडू देणार नाही. मी चार्जिंगच्या महिनाभर आधी एक माणूस फक्त सिग्नल तपासायला बसवतो. साइटवर ब्रेकर उघडायचा, मुंबईच्या केंद्रात फोन लावायचा, "दिसलं का?" असं विचारायचं, आणि यादीत खूण करून पुढच्या ब्रेकरकडे जायचं.