टीममधला जाणता माणूस बदलताना या चुका टाळा

हँडओव्हर, म्हणजे जाणाऱ्याने आपलं काम दुसऱ्याला सोपवणं, शेवटच्या दोन दिवसांवर ढकलू नका. ही चूक मी इतक्यांदा पाहिली आहे की आता राग येतो.

आमच्या सात जणांच्या टीममधली सगळ्यात जुनी सहकारी गेली, तेव्हा तिने चाळीस पानांची फाइल लिहून दिली. तिच्या जागी आलेला मुलगा कामाला पक्का होता. तरी पहिल्याच महिनाअखेरीला रिपोर्टमधले आकडे चुकले. रिपोर्ट पाठवण्याआधी ती दर वेळी हिशेब विभागाला फोन करून विचारायची, "अजून काही बदलायचं राहिलंय का?" फाइलमध्ये हा फोन नव्हता, कारण तिच्या लेखी ते काम नव्हतंच, सवय होती. आमच्यापर्यंत कायम दुरुस्त आकडेच आले, त्यामुळे आम्हालाही पत्ता नव्हता. बोलणी मात्र त्या मुलाने खाल्ली. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

तेव्हापासून नोटीस पीरियड निम्मा संपला की मी जाणाऱ्याला कामाला हात लावू देत नाही. काम दुसऱ्याने करायचं, जाणाऱ्याने शेजारी बसून फक्त बोलायचं. नवा माणूस आला नसेल, तर टीममधल्या कुणालाही बसवतो. यात वेळ जातो, जाऊ द्या.

दुसरी चूक म्हणजे "माणूस हुशार आहे, लगेच रुळेल" असं धरून चालणं. सात जणांत २१ जोड्या असतात. एक जण बदलला की त्यातल्या ६ नव्याने जुळाव्या लागतात. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने १९९४ मध्ये विमान अपघातांचा अभ्यास केला. ज्या अपघातांबाबत ही माहिती मिळाली, त्यांपैकी ७३ टक्के त्या वैमानिकांच्या एकत्र उड्डाणाच्या पहिल्याच दिवशी झाले होते. सगळे प्रशिक्षित वैमानिक, पण एकमेकांची सवय नव्हती. म्हणून पहिले दोन आठवडे मी नव्या माणसाला रोज वेगळ्या सहकाऱ्याबरोबर छोटं काम देतो. मोठी डिलिव्हरी पहिल्याच आठवड्यात त्याच्या गळ्यात मारणाऱ्यांची घाई मला पटत नाही.

दोन जाणते एकाच महिन्यात हलवू नका.

काम रखडलंय म्हणून माणसं वाढवू नका. सॉफ्टवेअरच्या कामात असं केल्याने उशीर वाढतोच, हे संगणकतज्ज्ञ फ्रेड ब्रूक्स यांनी १९७५ मध्येच लिहून ठेवलंय. नव्यांना शिकवण्यात जुन्यांचा दिवस जातो.

आणि नव्या माणसासमोर "ती असं करायची" म्हणू नका. काय हवंय ते थेट सांगा.