गर्भपातावर सर्व्हे करताय? प्रश्न कसे विचारायचे ते बघा

प्रोजेक्टला "गर्भपाताबद्दल बायकांना काय माहितीये आणि काय वाटतं" असा विषय मिळाला की बहुतेक जण लगेच फॉर्म बनवायला बसतात आणि पहिलाच प्रश्न टाकतात, 'गर्भपात योग्य आहे का? हो / नाही'. झालं, इथेच वाट लागते. जी बाई "छे, अजिबात नाही" म्हणते तीच दोन मिनिटांनी म्हणेल की जिवाला धोका असेल तर करावाच लागतो ना. ती खोटं बोलत नाहीये, प्रश्नच ढोबळ होता.

म्हणून माहिती आणि मत हे दोन भाग वेगळे ठेवा.

माहितीच्या भागात आधी शब्द सांभाळा. गर्भपात म्हटलं की कुणाला आपोआप पडलेला आठवतो, कुणाला मुद्दाम केलेला. बायका आपसात बोलताना पोट पाडलं, खाली केलं, पिशवी साफ केली, क्युरेटिंग केलं असं काहीही म्हणतात आणि पिशवी साफ करणं तर आपोआप पडल्यावरही होतं. तेव्हा तुम्हाला नक्की काय म्हणायचंय ते एका वाक्यात आधीच सांगा, आणि शब्द शक्यतो तिचाच वापरा.

मग गोळ्या. इथे सगळ्यात जास्त गोंधळ असतो. संबंधानंतर घ्यायची इमर्जन्सी गोळी मुख्यतः स्त्रीबीज बाहेर पडणं लांबवते, राहिलेला गर्भ ती पाडत नाही. मिफेप्रिस्टोन आणि मिसोप्रोस्टॉल ही गर्भपाताची औषधं, हा वेगळाच प्रकार. 'गोळी माहितीये का' विचारलं तर दोन्हीवाल्या हो म्हणणार आणि तुमचा आकडा फुकट जाणार.

आठवड्यांचंही तसंच. डॉक्टर शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, म्हणजे २८ दिवसांचं चक्र असेल तर पाळी चुकली त्या दिवशीच ४ आठवडे धरले जातात. बऱ्याच जणी पाळी चुकल्यापासून मोजतात, त्यामुळे तिचे ६ आठवडे हे डॉक्टरचे १० असू शकतात. म्हणून किती आठवडे विचारलं की कधीपासून मोजले हेही विचारा.

मतासाठी छोटा प्रसंग सांगा. एक बाई, दोन मुलं, तिसऱ्यांदा दिवस राहिलेत, तिला नकोय. तिने काय करावं? नवरा गर्भपात नको म्हणाला तर? लग्न झालेलं नसेल तर? एकेक गोष्ट बदलत गेलात की मत कुठे वळतं ते दिसतं. आणि 'तू केला असतास का' आणि 'दुसरीने केला तर तुला काय वाटेल' हे वेगळे प्रश्न आहेत हां, उत्तरं पण बऱ्याचदा वेगळी येतात.

तुम्ही केलाय का, हे मात्र तोंडावर विचारू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात वर्षाला साधारण ७ कोटी ३० लाख गर्भपात केले जातात, पण समोरासमोर विचारलं की बऱ्याच जणी सांगत नाहीत. यावर एक छान युक्ती आहे. एका गटाला ४ साध्या गोष्टींची यादी द्या, दुसऱ्या गटाला त्याच ४ अधिक 'गर्भपात केलाय', आणि यातल्या किती तुम्हाला लागू होतात तेवढा आकडाच विचारा, कुठल्या ते नाही. पहिल्या गटाची सरासरी २.१ आणि दुसऱ्याची २.३ आली तर ०.२ चा फरक त्या एका जास्तीच्या गोष्टीमुळेच, म्हणजे साधारण २० टक्के जणींनी केलाय असं निघतं. गट मात्र चिठ्ठ्या टाकून पाडा आणि मोठे ठेवा.

घरातलं कोणी आसपास असेल तर विषय बदला, नंतर या. नाव लिहू नका, जिथे कायदा कडक आहे तिथे कागद तिच्यावरच उलटू शकतो. चुकीचं काही बोलली तर मध्येच शिकवायला जाऊ नका, उरलेली उत्तरं तुम्हाला खूश करायला येतील. सगळं संपल्यावर बरोबर काय ते सांगा आणि मदत कुठे मिळते तो कागद हातात द्या.

आणि फॉर्मवर 'माहीत नाही' आणि 'सांगायचं नाही' असे दोन वेगळे चौकोन ठेवा, एकच ठेवलात तर गप्प बसलेली बाई तुमच्या तक्त्यात अडाणी म्हणून जाते.