लागवडीचे खड्डे भरण्याआधी मुळांच्या बुरशीचा विचार करा

पावसाळा तोंडावर आला की खड्डे भरण्याची घाई सुरू होते. मुळांच्या आश्रयाने राहणाऱ्या मायकोरायझा बुरशीचं सर्वांत जास्त नुकसान याच दिवसांत होतं, म्हणून हा सल्ला आत्ताच.

स्फुरद (फॉस्फरस) मातीत जागचा फारसा हलत नाही. मुळाला चिकटून असलेल्या एक-दोन मिलिमीटर मातीतला स्फुरद संपला की पुढचा साठा जवळ असूनही झाडाच्या हाती लागत नाही. बुरशीचे तंतू मुळावरच्या केसांपेक्षाही बारीक असतात. ते मातीत काही सेंटिमीटर पुढे घुसतात आणि स्फुरद, जस्त, थोडंफार पाणी मुळापर्यंत पोचवतात. मोबदल्यात झाड त्यांना पानांत तयार झालेली साखर देतं. ही भागीदारी फार जुनी आहे, ४० कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाश्मांतही ती दिसते.

जंगलात एकाच बुरशीचे तंतू अनेक झाडांच्या मुळांना जाऊन भिडतात. वनशास्त्रज्ञ सुझान सिमार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅनडाच्या जंगलात बर्च आणि डग्लस फरची रोपं शेजारी वाढवली, त्यांना ओळखता येईल असा कार्बन दिला आणि तो एका झाडातून दुसऱ्यात जातो हे १९९७ साली दाखवलं. सावलीतल्या फरला तो जास्त मिळाला. मात्र हा कार्बन तंतूंमधून किती गेला आणि मातीतून किती, यावर अजून वाद आहे. २०२३ साली याच विषयातल्या तीन अभ्यासकांनी, झाडं एकमेकांना पोसतात असं ठामपणे म्हणण्याइतका पुरावा नाही, असं लिहिलं. त्यामुळे मोठं झाड शेजारच्या रोपाला सांभाळेल या भरवशावर रोपाचं खत-पाणी तोडू नका. नव्या रोपाला जुन्या मुळांजवळ जिवंत बुरशी आयती मिळते, हा फायदा मात्र खरा आहे आणि तो घेता येतो.

तो घ्यायचा तर आधी रोटाव्हेटर आवरा. जेवढ्या वेळा माती भुगा होते तेवढ्या वेळा तंतू तुटतात. फळबागेत ओळींमधली जमीन उघडी ठेवण्यापेक्षा गवत कापून तिथेच पसरा. रान फार काळ मोकळं ठेवू नका, कारण ही बुरशी जिवंत मुळाशिवाय वाढत नाही. हिरवळीच्या खतासाठी ताग चांगला. मोहरी, कोबी, मुळा, पालक, बीट ही पिकं या बुरशीला थारा देत नाहीत. त्यांच्यानंतर लगेच फळझाडं लावणार असाल तर मध्ये मका किंवा ज्वारी घ्या.

खड्ड्यात सुपर फॉस्फेट ओतायची सवय अनेकांना आहे. स्फुरद भरपूर मिळाला की झाड बुरशीला मुळात फारशी जागा देत नाही. माती परीक्षणात जेवढा कमी निघेल तेवढाच द्या, बाकी कुजलेलं शेणखत.

आता बाजारात मिळणाऱ्या या बुरशीच्या पाकिटांबद्दल. फळझाडं, साग, बांबू आणि बहुतेक पिकांना मुळाच्या आत शिरणारी बुरशी लागते. पाइन, ओक यांची बुरशी वेगळी, ती मुळावर बाहेरून आवरण करते. निलगिरीला दोन्ही चालतात. पाकिटावर कोणता प्रकार आहे ते वाचून घ्या. मुळात शिरणारा प्रकार पिंपात गूळ घालून वाढत नाही. तसं सांगून कोणी विकत असेल तर घेऊ नका. आणलेली पूड वर भुरभुरून फारसा उपयोग नाही, ती रोप ठेवताना मुळांना लागली पाहिजे. माझ्या मते, ज्या रानात आधीपासून बांधावर झाडं आणि गवत आहे तिथे पाकिटाची गरज बहुधा पडत नाही. निर्जंतुक केलेल्या मातीतली रोपं किंवा वरचा थर खरवडून गेलेली जमीन असेल तर मात्र जरूर वापरा.

मुळात शिरणारी बुरशी घरीही वाढवता येते. धुतलेल्या वाळूच्या कुंडीत, जी रोपं लावायची त्याच जातीच्या निरोगी जुन्या झाडाखालची बारीक मुळांसकट मूठभर माती मिसळा आणि मका पेरा. तीन-चार महिन्यांनी पाणी तोडा, मका कापा, मुळं बारीक करून त्या वाळूसकट रोपवाटिकेत वापरा. मूळकूज किंवा सूत्रकृमी असलेल्या बागेतली माती कधीही घेऊ नका. जंगलातून गाडीभर माती उचलून आणणंही टाळा, त्यात जंगलाचं नुकसान होतं आणि रोग येतात ते वेगळेच.

लागवडीच्या वेळी कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाची आळवणी करू नका, म्हणजे ते मुळाशी ओतू नका. मर किंवा मूळकूज दिसलीच तर रोग ओळखून, तेवढ्याच झाडांना औषध द्या.