प्रेमकादंबरी लिहिताय? पात्रं घडवताना आणि करार करताना या चुका टाळा

प्रेमकादंबरी मध्यावर ढेपाळली की लेखक कथानकाला ठिगळं लावू लागतो. अपघात घडवतो, जुनी मैत्रीण परत आणतो, नायकाची परदेशी बदली करून टाकतो. दोष बहुतेक वेळा पात्रांत असतो. दोघांना एकमेकांखेरीज आयुष्यात दुसरं काही नकोच असतं, मग पन्नास हजार शब्द त्यांना दूर ठेवायचं तरी कशाच्या जोरावर?

एका फोनने मिटणारा दुरावा

तिने त्याला ठाण्याच्या तलावपाळीवर एका मुलीबरोबर पाहिलं, ती रुसली, सात प्रकरणं अबोला चालला आणि शेवटी ती मुलगी त्याची मावसबहीण निघाली. "अगं, विचार ना त्याला!" असं वाचकाच्या मनात आलं की कादंबरी हातची गेली.

अडसर पात्राच्या गरजेतून यायला हवा. समजा, अनुजा ऐरोलीच्या आयटी पार्कात रात्रपाळी करते. घराचा हप्ता तिच्या पगारातून जातो आणि रात्रपाळीचा भत्ता गेला तर तो थकेल. निखिलचं गोखले रोडला चष्म्यांचं दुकान आहे, वडील गेल्यापासून सकाळी दहा ते रात्री नऊ तो एकटाच ते सांभाळतो. ती सकाळी सातला घरी पोचते. दोघांच्या वाट्याला येतात तीन तास, आणि त्यातही तिचे डोळे मिटत असतात. तो सहज म्हणतो, "दिवसपाळी माग ना." तिला वाटतं, याला हप्त्याची काय कल्पना! ती म्हणते, "दुकानात माणूस ठेव." त्याला ती वडिलांची खुर्ची दुसऱ्याला दिल्यासारखी वाटते. इथे खलनायकाची गरजच उरत नाही.

लिहायला बसण्याआधी प्रत्येक पात्राच्या चार ओळी लिहा: त्याला काय हवंय, ते का मिळत नाही, कशाची भीती वाटते, आणि कोणती गोष्ट त्याने कुणालाच सांगितलेली नाही. चौथी ओळ सुचली नाही तर थांबा. मध्यावर कथेला वळण देणारा कबुलीचा प्रसंग याच ओळीतून येतो.

'तुम्ही'वरून 'तू'वर नकळत घसरणं

मराठी प्रेमकथेतली ही सर्वांत नाजूक जागा, आणि संहितांमध्ये तिचीच सर्वाधिक हेळसांड होते. तिसऱ्या प्रकरणात 'तुम्ही', पाचव्यात 'तू', सहाव्यात पुन्हा 'तुम्ही', असं वाचकाला जाणवतं आणि खटकतं. तो बदल कोणत्या प्रसंगात होणार, आधी कोण बोलणार आणि समोरचा ते ऐकून काय करणार, हे ठरवून लिहा. पहिला खर्डा झाल्यावर फक्त संबोधनं तपासत एक स्वतंत्र वाचन करा. घणसोली गावठाणातली आगरी आजी लिहायची असेल तर त्या घरातल्या कुणाकडून तरी तिचे संवाद वाचून घ्या. ऐकीव बोली चटकन उघडी पडते.

गावाचे तपशीलही तपासा. नायिका ठाण्याला एक नंबर प्लॅटफॉर्मवरून वाशीची गाडी पकडत असेल, तर तो प्रवास रोज करणारा वाचक तिथेच थबकेल. ठाण्याहून वाशीकडे जाणाऱ्या ट्रान्स-हार्बर मार्गाच्या गाड्या नऊ-दहा नंबर प्लॅटफॉर्मवरून सुटतात.

करार न वाचता सही

रॉयल्टी, म्हणजे विकलेल्या प्रतीमागे लेखकाला मिळणारा वाटा, छापील किमतीवर आहे की सवलत वजा करून उरणाऱ्या रकमेवर, हे आधी पाहा. ३०० रुपयांच्या पुस्तकावर १० टक्के म्हणजे प्रतीमागे ३० रुपये. विक्रेत्याला ४० टक्के सवलत देऊन उरलेल्या १८० रुपयांवर तोच दर लावला तर हाती १८ येतात. हजार प्रतींमागे हा फरक १२,००० रुपयांचा होतो.

'सर्व हक्क कायमस्वरूपी' असं वाक्य दिसलं की हात आवरा. छापील आवृत्ती, ई-बुक, ऑडिओ, अनुवाद आणि चित्रपट हे वेगवेगळे हक्क आहेत. प्रकाशक ज्यावर खरोखर काम करणार आहे तेवढेच द्या, तेही मुदत घालून. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १९ नुसार हक्क लेखी हस्तांतरित व्हावे लागतात. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. स्वतःच पुस्तक काढणार असाल तर आयएसबीएनसाठी, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकासाठी, कुणाला पैसे देऊ नका, भारतात तो सरकारी संस्थेकडून विनामूल्य मिळतो.