दोस्त देशांचं बिनसलं, की आधी त्यांचं घर बघा

लातूरला मी स्पर्धा परीक्षेच्या मुलांना आंतरराष्ट्रीय संबंध शिकवते. दोन नेत्यांच्या गळाभेटीचा फोटो छापून आला की मुलं त्यावरच उत्तर लिहून मोकळी होतात. मी आधी वही उघडायला लावते. देशाच्या नावाखाली तीन गोष्टी लिहायच्या: निवडणूक कधी आहे, सभागृहात कोणाचे किती आहेत, आणि नेत्याचा शब्द स्वतःच्या पक्षात किती चालतो. करार त्यानंतर.

सरावाला घ्या तुर्कस्तान, १ मार्च २००३. हा देश १९५२ पासून नाटोत, म्हणजे अमेरिकेसोबतच्या लष्करी युतीत. इराकवर उत्तरेकडून चढाई करायला अमेरिकेला तिथं सुमारे ६२,००० सैनिक उतरवायचे होते. सत्ताधारी एकेपी पक्षाकडे संसदेत ५५० पैकी साडेतीनशेहून जास्त जागा. एवढंच पाहिलंत तर ‘परवानगी मिळणार’ असंच लिहाल.

आता तिसरा रकाना भरा. पक्षाचे नेते एर्दोगान, पण ते खासदारच नव्हते. पंतप्रधान होते अब्दुल्ला गुल. सभापती एकेपीचेच, तरी विरोधात. युद्धाविरोधात अंकारात रस्त्यावर हजारो लोक. परवानगीच्या ठरावावर मतं पडली: बाजूने २६४, विरोधात २५०, तटस्थ १९. ठराव मंजूर झाला असंच आधी वाटलं. इथं मी मुलांना बेरीज हातानं करायला लावते. हजर ५३३, आणि तिथल्या राज्यघटनेनुसार हजर असलेल्यांच्या निम्म्याहून जास्त मतं हवीत, म्हणजे २६७. तीन मतं कमी पडली! अमेरिकी रणगाडे घेऊन समुद्रात थांबलेली जहाजं शेवटी कुवेतकडे वळवावी लागली.

जर्मनीचंही पान करा. तिथले चॅन्सलर (सरकारप्रमुख) श्र्योडर यांनी २००२ च्या प्रचारात इराक युद्धाला ठाम नकार दिला आणि अटीतटीची निवडणूक जिंकली. वॉशिंग्टनची नाराजी त्यांनी मतदारांसाठी पत्करली.

शेवटी, काय बदललं आणि काय टिकलं ते तारखांनिशी मांडा. तुर्कस्तानात ९ मार्च २००३ ला एर्दोगान पोटनिवडणूक जिंकले, १४ तारखेला पंतप्रधान झाले. २० मार्चला त्याच संसदेनं अमेरिकी विमानांना हवाई हद्द खुली केली. नाटोचं सदस्यत्व जागच्या जागी राहिलं. पण एका माणसाला खुर्ची मिळाली म्हणून सगळं जमलं, असं लिहू नका. या वेळी मागणीही लहान होती: सैन्याला जमीन मागितली नव्हती, विमानांना फक्त वाट हवी होती.